ड्रोन बांधावरून आलं त्या दिवशी

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहायला मला वेळ लागतो, आणि जोडाक्षर आलं की हात अडखळतो. तरी ही हकीकत दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नाही असं मी ठरवलं. दुसरा माणूस माझ्या वयाकडं बघून माझी चूक थोडी सौम्य करील, आणि ते मला नको आहे.

आमचं गाव चाकूर तालुक्यात. रान गावाच्या उगवतीला, साडेतीन एकर. माझ्या बापाला जन्मापासून स्वतःचं रान नव्हतं, बांध नव्हता. तो लोकांची ज्वारी राखायचा. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, आणि मी खाली गोटे वेचायचो. पुढं मीही शिकलो. बापाचे नियम दोनच होते. पाखराला मारायचं नाही, उडवायचं. आणि गोटा कुठं पडणार ते आधी बघायचं, मग हात सोडायचा. एकदा माझा गोटा पलीकडं पाणी नेणाऱ्या एका बाईच्या घागरीवर बसला. बाई वाचली, घागर फुटली. बापानं मला पुढचे आठ दिवस गोफणीला शिवू दिलं नाही.

नंतर गायरानातली ही जमीन आमच्या नावावर झाली. त्यात बापाचं अर्धं आयुष्य गेलं. सातबारा हातात आला त्या दिवशी त्यानं चारी कोपऱ्यांवर स्वतः दगड रोवले. ज्याच्या घरात कधी बांध नव्हता त्याला बांध म्हणजे काय असतं ते विचारावं. शेजाऱ्याचा नांगर एकदा वीतभर आत आला म्हणून आम्ही दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोललो नाही. लहानपणी एकाच ओढ्यात म्हशी धुतलेली माणसं आम्ही, तरी नाही बोललो.

बोलणं सुरू झालं ते तुतीमुळं. मी दोन एकरात तुती लावली आणि शेड टाकून रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. अळीला जहर सहन होत नाही. शेजारच्या रानात फवारलेलं औषध वाऱ्यानं पाल्यावर आलं आणि तो पाला अळीनं खाल्ला, तर सकाळपर्यंत सगळी बॅच काळी पडते. म्हणून आमच्या गावात एक रीत पडली आहे. ज्याच्या शेडात अळ्या आहेत त्यानं बांधावर काठीला पांढरं फडकं बांधायचं. आणि शेजाऱ्यानं फवारायचं असेल तर आधी सांगायचं, म्हणजे आम्ही पुरेसा पाला तोडून घरात घेतो. माझ्या शेजाऱ्यानं ही रीत कधी मोडली नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात कितीही असलं तरी हे लिहिलं पाहिजे.

आम्हाला मुलगा एकच. तो नांदेड-हैदराबाद लाइनीवर ट्रक चालवायचा. तिथून पोलंड देशात गेला, तिथंही ट्रकच चालवतो. मागच्या वर्षी त्याला माल घेऊन त्या देशाच्या पूर्वेला जावं लागायचं. तिथून युक्रेनची हद्द तासाभरावर, आणि हद्दीपलीकडं रशियाची लढाई चालू. आमचा रोजचा रिवाज असा होता की आपल्याकडं दहा वाजले की तो फोन करायचा. त्याच्याकडं तेव्हा साडेसहा वाजलेले असायचे आणि गाडी चालू करायची असायची. मी फांद्या तोडत बोलायचो. काय खाल्लं, थंडी आहे का, एवढंच. पण ते रोज.

श्रावणात तो एकदा म्हणाला की तिकडं मक्याच्या रानात एक ड्रोन येऊन पडलं. स्फोट झाला, जवळच्या घरांच्या काचा फुटल्या. त्याच्याबरोबरचे दोन तेलंगणाचे ड्रायव्हर सामान बांधून गावी निघाले. मग त्यानं विचारलं, "बाबा, मी पण येऊ का?"

मी तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलात बसलो होतो आणि माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "भिऊन आलास तर वेशीतूनच परत लावीन."

माणसं हसली. तोही हसला असेल, मला दिसलं नाही. त्यानंतर यायचं नाव त्यानं काढलं नाही.

भादव्यात चार दिवस झड लागली आणि मग उघाड पडली. त्या सकाळी दहा वाजून गेले, फोन आला नाही. साडेदहा झाले. मी लावला तर एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी सांगून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तीच. शेडात अळ्यांनी शेवटची मोठी कात टाकून तिसरा दिवस होता. या दिवसात अळी बकासुरासारखी खाते, हात रिकामा ठेवून चालत नाही. तरी मी विळा खाली ठेवला आणि सायकल घेऊन फाट्यावर गेलो, कारण तिथं टीव्ही आहे.

टीव्हीवर नकाशा होता आणि नकाशावर लाल बाण. पोलंडच्या हद्दीत ड्रोन घुसले असं खालच्या पट्टीत पळत होतं. विमानतळ बंद केले, लोकांनी घराबाहेर पडू नये, पोलंडची विमानं उडाली, त्यांच्या मदतीला दुसऱ्या देशांचीही उडाली. बाण ज्या बाजूला होते ती बाजू मला पाठ होती. पोरगा सुट्टीला आला तेव्हा त्यानं मला ती जमिनीवर काडीनं काढून दाखवली होती.

हॉटेलात एक रिटायर मास्तर रोज पेपर वाचायला बसतात. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की युरोपातल्या आणि पलीकडच्या तीसेक देशांनी मिळून करार केलाय, एकाला कुणी हात लावला तर सगळ्यांना लावला असं धरायचं.

"म्हंजे भावकी," मी म्हणालो.

"भावकी मारायला उठती, आबा," मास्तर म्हणाले. "ही राखायला उठती म्हणतेत."

तेवढ्यात बातमी आली की पोलंडनं त्या सगळ्या देशांना बैठकीला बोलावलंय, बसून विचार करणार. मी लई मोठ्यानं हसलो. म्हणालो, घराला आग लागलीय आणि हे सतरंज्या अंथरून ऱ्हायलेत. इतकी विमानं, इतका दारूगोळा, आणि बैठक. मी असतो तर हद्दीत आलं की खाली पाडलं असतं, मग बघितलं असतं कुणाचं हाय ते. दोघातिघांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, "आबा, तुमचं पोरगं तिकडंच हाय ना?" मी म्हणालो, हाय, त्याला काय हुतंय. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. मी तो तसाच ठेवून उठलो.

वाटेत फोन वाजला. मी सायकल टाकली आणि बघितलं तर शेजाऱ्याचं नाव. कापला. पोराचा यायचा आहे आणि हा कशाला अडवून धरतोय असं वाटलं. तो पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा पण. मग काहीतरी टिणकन वाजलं. मेसेज वाचायला मला चष्मा लागतो, वेळ लागतो. बघितलाच नाही.

शेडात पोराची माय एकटी पाला टाकत होती. तिनं विचारलं, लागला का. मी सांगितलं की तिकडं लाइन खराब आहे. टीव्हीचं बोललो नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा रॅककडं वळली. अळ्या खात असताना शेडात एक बारीक करकर चालू असते, वाळल्या कडब्यात जनावरानं तोंड घातल्यावर येते तशी. एरवी तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं.

त्या करकरीवर दुसरा आवाज चढत आला. पोळं उठल्यासारखा. मी बाहेर आलो तर शेजाऱ्याच्या सोयाबीनवर फवारणीचं ड्रोन चालू होतं. पुरुषभर उंचीवर, पोटाला टाकी, खाली पांढरा धूर. ते सरळ माझ्या बांधाकडं आलं, बांध ओलांडला, माझ्या तुतीवर येऊन वळलं आणि परत गेलं. माझं फडकं त्याच्या वाऱ्यानं ताठ झालं होतं.

मला वाटलं, सांगितलं नाही यानं. इतक्या वर्षांची रीत, आणि नेमकी आज मोडली.

दुसऱ्या फेरीला ते आणखी दोन हात आत आलं. त्या वेळी माझ्या डोळ्यापुढं काय होतं ते मी खरं सांगतो. सोयाबीन नव्हतं, शेजारी नव्हता. नकाशावरचे लाल बाण होते आणि फोनमधल्या त्या परक्या भाषेतल्या बाईचा आवाज होता. मी शेडात गेलो. खुंटीला बापाची गोफण असते, दरसाल नवी दोरी लावतो. पोराच्या मायनं विचारलं, "काय करताव?" मी गोफण काढून बाहेर निघालो.

तिसऱ्या फेरीला मी बांधाच्या आत उभा होतो. पहिला गोटा वरून गेला. दुसरा बसला. एका पंख्याचे तुकडे उडाले आणि ते जनावर कलंडलं. मला वाटलं होतं ते त्याच्याच बाजूला जाऊन पडेल. का वाटलं होतं कोण जाणे. ते गिरकी घेत माझ्याच रानात आलं, शेडाच्या दिशेनं, आणि तुतीच्या मधोमध आपटलं. टाकी फुटली. मधल्या ओळी पांढऱ्या झाल्या आणि नाकाला झोंबणारा वास आला. वारा शेजाऱ्याच्या रानाकडून शेडाकडं होता.

पळत आली ती ते चालवणारी बाई. तिशीच्या आतबाहेरची, लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला टोपी. अहमदपूरकडची, बचत गटातून शिकलेली, असं नंतर कळलं. मला वाटलं ही आता भांडणार. तिनं आधी बॅटरी ओढून काढली. मग पोराच्या मायला ओरडून सांगितलं की शेडाचे पडदे त्या बाजूनं पाडा. आणि मग माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, वळताना फवारा बंद असतोय," ती म्हणाली. "तुमचं फडकं बघून मी बांधाच्या अलीकडंच बंद करून ऱ्हायले हुते. एक थेंब पडला नसता."

"माझ्या रानावर आलंच कशाला मग?"

"वाऱ्यानं सरकलं. ती माझी चूक हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर तुम्ही हाक मारायची हुती. मी मागं घेतलं असतं."

तरी मी हद्द, सातबारा असं काहीतरी बोलत राहिलो. इतक्यात शेजारी बांधापर्यंत आला. धापा टाकत होता. बांधावर पाय न ठेवता तो पलीकडंच थांबला.

"तीनदा फोन केला तुला," तो म्हणाला. "तीनदा कापलास गड्या."

मी फोन काढला आणि चष्मा नाही म्हणून त्याच्याच हातात दिला. मेसेज त्यानंच लिहिलेला, त्यानंच वाचून दाखवला. उघाड पडलीय, ड्रोनवाली बाई आजच मोकळी आहे, दुपारी फवारतो, पाला तोडून घे, तुझ्याकडच्या चार ओळी मी सोडतो. स्वतःच्या सोयाबीनच्या चार ओळी त्यानं माझ्यासाठी सोडल्या होत्या. मी बघितलं तर खरंच, बांधालगत चार ओळी कोरड्या होत्या.

मी एवढंच म्हणालो, "पोराचा फोन यायचा हुता."

तो काही बोलायला निघाला होता, थांबला. सकाळची बातमी त्याच्याही घरात लागलेली असणार. "अजून न्हाई आला?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

पोराची माय शेडाच्या दारात आली होती आणि तिनं ते ऐकलं. लाइन खराब आहे म्हणून मी जे झाकलं होतं ते असं उघडं पडलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "कवापास्नं ठावं हाय तुमाला?" मी सांगितलं. ती आत गेली, हात धुऊन आली, आणि म्हणाली की संध्याकाळचा पाला कुठून आणायचा ते आता बघायला पाहिजे, ड्रोन पडलं त्या बाजूचं एक पानही अळीला घालायचं नाही. मग पदर खोचून गावाकडं निघाली, बाकीच्या रेशीमवाल्यांच्या घरी. मी गेलो नसतो. अळ्या मेल्या असत्या तरी गेलो नसतो.

मी मावळतीच्या कोपऱ्यात जाऊन, जिथं तो वारा पोचला नव्हता तिथला जो थोडा पाला चांगला होता तो तोडत बसलो. चार वाजता फोन वाजला. या वेळी नाव पोराचं होतं.

तो बोलला तेव्हा आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. रात्री गाडी एका मोठ्या अड्ड्यावर लावलेली. पहाटेच्या आधी विमानांचा आवाज सुरू झाला, मग पोलिसांनी सगळ्या ड्रायव्हरांना केबिनमधून काढून एका गोदामात नेलं. फोन केबिनमध्ये चार्जिंगला राहिला. बराच वेळ कुणाला गाडीकडं जाऊ दिलं नाही, नंतर गेला तर लाइन मिळेना. पोलंडची विमानं होती, हॉलंड देशाची पण होती म्हणे, एकमेकांना सांगून उडत होती.

मी विचारलं, "किती पाडले?"

"थोडे पाडले. बाकीचे लांब लांब रानात पडले आपोआप."

"सगळे का न्हाई पाडले? इतकी इमानं असून?"

तो म्हणाला, "बाबा, खाली माणसं ऱ्हातेत. मी खालीच हुतो."

तो सांगत राहिला. गोदामात सगळे वर बघत होते, छप्पर पत्र्याचं. विमान डोक्यावरून गेलं की जो तो मनात म्हणायचा, पाडा, पण आत्ता नको, इथं नको. तिकडं एका खेड्यात एका घराचं छप्पर फुटलं, माणसं खालच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. त्या छपरावर नेमकं काय पडलं ते अजून कुणी सांगत नाही.

जहराचा वास माझ्या कपड्यांनाही लागला होता. मी म्हणालो, "मी बी एक पाडलं आज."

त्याला थट्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं, बैठकीला हसलो तिथपासून. कुठंही स्वतःला वाचवलं नाही. तो ऐकत होता.

"माय कुठं हुती?" त्यानं विचारलं.

"शेडात."

"पडलं तिथून किती लांब?"

मी मागं वळून बघितलं. तोवर मी ते मोजलं नव्हतं. "तीस पावलं," मी म्हणालो.

बापाचा दुसरा नियम मला त्या वेळी आठवला असं लिहिलं तर खोटं होईल. मला फुटलेली घागर दिसली आणि ती डोक्यावरून उतरवताना त्या बाईनं माझ्याकडं बघितलेलं दिसलं.

"बाबा, मी..." असं म्हणून तो थांबला. तो काय विचारणार ते मला ठाऊक होतं आणि का थांबला तेही. त्याच्या आणि घराच्या मध्ये माझंच एक वाक्य आडवं पडलेलं होतं. ते उचलायला दुसरं कुणी येणार नव्हतं.

"मधली तुती उपटावी लागंल," मी म्हणालो. "नवी लावाय माझ्या एकट्याच्यानं हुत न्हाई. ये तू."

"लोक म्हणत्याल भिऊन आला."

"म्हणू दे. वेशीवर मी हुबा ऱ्हातो."

त्यानं लगेच हो म्हटलं नाही. माझंच पोर आहे. म्हणाला, कागदं बघतो, कंपनीला विचारतो. फोन ठेवल्यावर मी त्याच्या मायला सांगायला गावाकडं चालत निघालो तर वाटेतच ती भेटली. मागं दोन घरच्या बायका, तिघींच्या डोक्यावर तुतीचे भारे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी नुसती मान हलवली. तिथंच ती भाऱ्यासकट खाली बसली.

दिवस मावळायला शेजारी आला. त्याच्या मेव्हण्याची तुती आहे दोन शिवारं सोडून, तिथून भारा आणला होता. बांधाच्या पलीकडं उभा राहून त्यानं विचारलं, "येऊ का आत?" नऊ वर्षं मी ज्याच्या नांगराची वीत मोजली तो माणूस डोक्यावर ओझं घेऊन विचारत थांबला होता. मी म्हणालो, हाव, ये. त्या ड्रोनचं पुढं मी, शेजारी आणि ती ड्रोनवाली बाई, आम्ही तिघांनी मिळून काय मिटवलं ते इथं लिहीत नाही. त्या बाईनं जाताना सांगितलं तसं मात्र मी केलं, तो बिघडलेला पाला बैलालाही घातला नाही, खड्ड्यात गाडला. बॅच वाचली, पण कोष हलके आले.

पोराला यायला दिवाळी उलटली. तोवर मी रोज फाट्यावर जायचो. मास्तर पेपर वाचून सांगायचे की त्या देशांनी बैठक घेतली, पूर्वेच्या बाजूला आणखी विमानं नेऊन ठेवली, ड्रोन अडवायला भिंत बांधायची म्हणतात, आणि दुसऱ्याच एका देशाच्या हद्दीतही कुणी घुसून गेलं. कुणी म्हणायचं, एकदाचं उडवून का देत नाहीत. माझ्याकडं बघायचे, आबा आता काहीतरी जोरात बोलतील म्हणून. मी चहा गरम आहे तोवर पिऊन टाकायचो.

तो आला त्या दिवशी सकाळपासून मी वेशीजवळच्या पारावर बसून होतो. बस फाट्यावर थांबते, तिथून चालत येताना हॉटेल लागतं. तिथूनच त्याच्यामागं दोघंतिघं चालत आले, एकाच्या हातात त्याची पेटी. मला बघून त्यातला एकजण मोठ्यानं म्हणाला, "आबा, आलं बरं का पोरगं पळून. लावताव का परत?"

पोरगा थांबला. माझ्याकडं बघत होता.

"पळून आलं न्हाई," मी म्हणालो. "मी भिलो, म्हणून बोलावलं."

आणि त्या माणसाच्या हातातली पेटी मी माझ्याकडं घेतली.